कैरीचं पन्हं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले की घरोघरी तेच प्रश्न सुरू होतात. गूळ किती घालायचा? शिट्ट्या किती करायच्या? टिकेल किती दिवस? त्या सगळ्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. त्यांच्या मुळाशी आमचा एक ठाम आग्रह आहे : पन्ह्याला कैरीची चव आली पाहिजे. समारंभात मिळणाऱ्या पेल्यांमध्ये बहुतेकदा साखर आधी लागते, मग वेलची, आणि कैरी शोधावी लागते. हे टाळणं अगदी सोपं आहे. कैरी आधी चाखायची आणि मग गोडाचं माप हातात घ्यायचं.

पन्ह्यासाठी कोणती कैरी घ्यावी?

रायवळ मिळत असेल तर दुसरीकडे बघूच नका. कोयीपासून उगवलेल्या गावठी झाडाची ही कैरी लहान असते, तिला रेषा असतात, कोय मोठी आणि गर कमी असतो, पण आंबटपणा आणि वास दोन्ही भरपूर. पन्ह्यासाठी गर गाळून घ्यायचाच असतो, त्यामुळे रेषांची अडचण येत नाही.

शहरात बहुधा राजापुरी किंवा तोतापुरी मिळते. राजापुरी मोठी, गरदार आणि चांगली आंबट असते, गूळ-साखरेच्या छुंद्यालाही तीच घेतात. एका मोठ्या राजापुरीत चार-पाच जणांचं पन्हं सहज होतं. तोतापुरी चोचदार आणि लांबट असते. ती तिखट-मीठ लावून खायला छान, पण आंबटपणाला बेताची. नुसत्या तोतापुरीचं पन्हं करायचं झालं तर गूळ कमी घाला आणि शेवटी थोडं लिंबू पिळा.

हापूसची कैरीही पन्ह्याला उत्तम असते, फक्त बागायतदार ती मुद्दाम कच्ची उतरवत नाही. पण कोकणात वारा-पाऊस झाला की झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो आणि त्या स्वस्तात विकायला येतात. अशा पडीच्या कैऱ्या बिनधास्त घ्या. मार लागून काळा पडलेला भाग मात्र कापून टाका. साल फुटून आत माती गेली असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर ती कैरी घेऊ नका.

कैरी कोवळी हवी की जून?

जून. कोय टणक झालेली, गर पांढरट-हिरवा आणि घट्ट असलेली. अगदी कोवळ्या कैरीत कोय धड धरलेली नसते, गर तुरट लागतो आणि शिजवल्यावर पन्ह्याला दाटपणा येत नाही. ती लोणच्याला किंवा चटणीला ठेवा. उलट पाडाला आलेल्या कैरीचा गर आतून पिवळा पडायला लागलेला असतो. तिच्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागलेली असते आणि आंबटपणा उतरलेला असतो. तिचं पन्हं गोड आणि सौम्य होतं, लहान मुलांना ते आवडतंही, पण उन्हातून आल्यावर जी चव आठवते ती ही नव्हे.

बाजारात कापून बघता येत नाही. मग हाताला दाबून पाहा, दगडासारखी घट्ट लागली पाहिजे. देठाजवळ खांदे भरलेले असले तर ती जून आहे.

चीक काढावाच लागतो का?

हो, आणि हे काम घाईत उरकू नका. देठाजवळचा चीक तोंडाला लागला तर ओठांच्या कडेला फोड येतात, घशाला खवखव सुटते. काहींच्या तर हातालाही पुरळ उठतं. कैरी धुवा, देठाकडची चकती कापा, आणि कापलेली बाजू खाली करून चाळणीवर किंवा पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास ठेवा. मग पुन्हा धुवून घ्या. झाडावरून आत्ताच उतरवलेल्या कैरीला चीक जास्त असतो, बाजारातून आणलेल्या कैरीचा बराचसा आधीच निघून गेलेला असतो.

मूळ कृती काय?

साधारण १० पेल्यांसाठी मध्यम आकाराच्या तीन-चार जून कैऱ्या घ्या, म्हणजे अर्धा किलोच्या आसपास.

धुतलेल्या, चीक काढलेल्या कैऱ्या सालासकट अख्ख्याच कुकरच्या भांड्यात ठेवा. भांड्यात पाणी घालू नका, पाणी फक्त कुकरच्या तळाशी. दोन ते तीन शिट्ट्या पुरतात, मोठ्या राजापुरीला चार लागतील. वरणभाताचा कुकर लावतानाच वरच्या डब्यात कैऱ्या ठेवल्या तर वेगळा गॅस जाळावा लागत नाही. वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिट्टी उचलली की कैऱ्या फुटतात आणि गर भांडंभर होतो.

कैऱ्या कोमट झाल्या की साल हाताने सहज सुटते. सालीला चिकटलेला गर सुरीच्या पाठीने खरवडून घ्या, तो सगळ्यात मऊ असतो. कोय हाताने कुस्करून तिचाही गर काढा. कुकरच्या भांड्यात सुटलेलं आंबट पाणी फेकू नका, ते गरातच मिसळा. आता सगळा गर पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. मिक्सर चालेल, पण एक-दोनदाच फिरवा. जास्त फिरवला तर फेस येतो आणि रेषाही बारीक होऊन गरातच राहतात.

गर वाटीने मोजा. गरम असतानाच त्यात चिरलेला गूळ किंवा साखर, पाव चमचा मीठ घाला आणि विरघळेपर्यंत ढवळा. पूर्ण गार झाल्यावर वेलचीपूड घाला. हा झाला गोड गर. प्यायच्या वेळी पेल्यात दोन-तीन मोठे चमचे गोड गर घ्या, माठातलं गार पाणी घाला, ढवळा. एका भागाला चार भाग पाणी हे बहुतेकांना आवडतं.

गुळाचं नेमकं प्रमाण काय? एकीकडे दुप्पट सांगतात, दुसरीकडे बरोबरीने.

दोन्ही बरोबर असू शकतं, कारण दोघांच्या कैऱ्या वेगळ्या होत्या. हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एकाच झाडाच्या मार्चमधल्या आणि मेमधल्या कैरीत फरक असतो, एकाच टोपलीतल्या दोन कैऱ्यांतही असतो.

म्हणून शिजवलेला, गाळलेला गर अर्धा चमचा जिभेवर ठेवा. डोळे मिटले, दात आंबले, तर एक वाटी गराला पावणेदोन ते दोन वाट्या गूळ. आंबट आहे पण गिळता येतो, तर दीड वाटी. राजापुरी बहुधा इथे बसते. तोतापुरीसारखा सौम्य असेल तर एक ते सव्वा वाटी.

सुरुवात नेहमी कमी मापाने करा. दीड वाटी वाटत असेल तर सव्वा घाला, विरघळू द्या आणि मग छोट्या पेल्यात पाणी घालून, म्हणजे प्रत्यक्ष पिणार तसं करून, चाखा. नुसता गोड गर चाखून अंदाज चुकतो, तो नेहमीच फार गोड लागतो. शिवाय गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून गारच पाण्याने चव घ्या. गूळ वाढवता येतो. जास्त पडला तर दुसरी कैरी शिजवण्यावाचून चांगला उपाय नाही.

चव बरोबर जमली हे कसं ओळखायचं? पहिल्या घोटाला आंबट लागलं पाहिजे, गोडी त्याच्या मागून आली पाहिजे, आणि पेला संपल्यावर तोंडाला चिकटपणा राहता कामा नये.

गूळ चांगला की साखर?

चवीला गूळ. त्याला स्वतःचा खमंग वास आहे आणि कैरीच्या आंबटपणाशी त्याचं जमतं. कोल्हापुरी गूळ मिळाला तर घ्या. गुळाने पन्ह्याचा रंग तपकिरी होतो, त्याला घाबरू नका, तो खऱ्या पन्ह्याचा रंग आहे. फार पिवळाधमक गूळ बहुधा रंग उजळवण्याच्या प्रक्रियेतून आलेला असतो, त्यापेक्षा गडद गूळ बरा. गुळात कधी कधी कचरा आणि बारीक खडे असतात, म्हणून तो थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घातलेला चांगला.

साखरेचं पन्हं दिसायला फिकट, सोनेरी-हिरवट होतं आणि कैरीचा वास जास्त स्वच्छ येतो. केशर घालायचं असेल तर साखरच घ्या, गुळात केशराचा रंगही हरवतो आणि वासही. अर्धी साखर, अर्धा गूळ हा मध्यम मार्ग अनेक घरांत आहे आणि तो छानच लागतो.

गूळ घातला म्हणजे पन्हं ‘औषधी’ झालं असं मात्र नाही. गुळात थोडी खनिजं असतात, पण एका पेल्यातून मिळणारी मात्रा नगण्य, आणि उरलेली सगळी साखरच.

कैरी न शिजवता पन्हं करता येतं का?

येतं, आणि त्याची चव इतकी वेगळी असते की ते स्वतंत्र पेयच मानावं. साल काढून कैरी किसा, वाटीभर किसाला वाटीभर साखर आणि मीठ लावून तासभर झाकून ठेवा. पाणी सुटेल. मग त्यात तिप्पट-चौपट गार पाणी घालून कीस हाताने चांगला चुरा आणि गाळून घ्या. पेय पातळ, पाणीदार होतं आणि ताज्या कैरीचा कोरा वास त्यात जसाच्या तसा राहतो. क जीवनसत्त्वही जास्त टिकतं, कारण ते उष्णतेने कमी होतं.

त्याला दाटपणा का नाही? कैरीत पेक्टिन आणि पिष्ट दोन्ही असतात. शिजवल्यावर ती फुगून पाण्यात मिसळतात आणि पन्ह्याला अंग येतं. कच्च्यात ती किसातच अडकून राहतात, जे पिष्ट पाण्यात उतरतं तेही तळाशी बसतं. कच्चं पन्हं त्याच दिवशी प्या, ते ठेवायचं पेय नाही.

भाजलेल्या कैरीचं पन्हं कसं करतात?

विदर्भात आणि उत्तर भारतात ही पद्धत मुरलेली आहे. कैरी निखाऱ्यावर, चुलीच्या राखेत किंवा थेट गॅसच्या आचेवर ठेवून वांग्यासारखी सगळीकडून फिरवत भाजायची. साल काळी पडून भेगाळली आणि सुरी आरपार गेली की झालं. झाकून ठेवा, मग साल सोला. साल सोलताना कैरी नळाखाली धुवू नका, भाजल्याचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. साल थोडी राहिली तरी चालते.

या पन्ह्याला धुरकट चव असते आणि तिला वेलची अजिबात शोभत नाही. इथे भाजलेल्या जिऱ्याची पूड, पादेलोण, पुदिना, चिमूटभर मिरपूड. गूळ नेहमीपेक्षा कमी. बंगालमध्ये अशाच भाजलेल्या कैरीचं ‘आम पोडा शरबत’ करतात, गुजरातेत उकडलेल्या कैरीचा ‘बाफलो’. बाहेर तापमान ४५ अंशांवर गेलेलं असताना चंद्रपूर-अकोल्याकडच्या दुपारी हे खारट-आंबट पन्हंच जास्त गोडी देतं, आणि ते का, हे पुढे आरोग्याच्या प्रश्नात येईलच.

वेलची, केशर, जिरं, पुदिना : यांतलं काय आणि किती?

गोड पन्ह्यात वेलची. वाटीभर गराला चार-पाच वेलच्यांची ताजी कुटलेली पूड पुरे. गर गरम असताना घातली तर तिचा वास वाफेबरोबर उडून जातो. जायफळ फार थोडं चालतं. केशर घालायचं तर ते कोमट पाण्यात खला. दुधात खललेलं केशर पन्ह्यात घातलं की आंबटपणाने दूध फाटतं आणि पेल्यात कण तरंगतात.

खारट पन्ह्यात जिरं, पादेलोण, पुदिना. दोन्ही घराणी एकाच पेल्यात आणू नका. वेलची आणि पादेलोण एकत्र आले की दोन्ही वाईट लागतात.

शिजवल्यावर गराचा हिरवा रंग का जातो? रंग घालावा का?

कैरीतलं हरितद्रव्य उष्णता आणि आम्ल एकत्र आल्यावर बदलतं आणि हिरव्याचा मेंदीसारखा किंवा पिवळट रंग होतो. त्यात बिघडल्यासारखं काही नाही. बाजारात मिळणारं पोपटी पन्हं रंग घातल्याशिवाय तसं दिसत नाही. घरी रंग घालू नका.

पन्हं कडवट किंवा तुरट लागतंय. काय चुकलं?

बहुधा तीनपैकी एक कारण असतं. सालीचे तुकडे गराबरोबर मिक्सरमध्ये गेले. किंवा कोयीच्या आतली बी फुटून मिसळली, कोवळ्या कैरीची कोय कुकरमध्ये मऊ होते तेव्हा हे घडतं. किंवा कैरीच फार कोवळी होती. पहिल्या दोन वेळी बारीक चाळणीतून गाळून थोडं मीठ वाढवा, मिठाने कडवटपणा दबतो. नुसती साखर वाढवून तो पुरता लपत नाही.

पेल्यात गर खाली बसतो. एकजीव कसं करायचं?

खाली बसणं स्वाभाविक आहे. द्यायच्या आधी ढवळा. तरी आवडत नसेल तर पाणी घालताना रवीने घुसळा.

किती दिवस टिकतं?

पाणी घातलेलं पन्हं त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत. गुळाचा गोड गर काचेच्या कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस चांगला राहतो. साखरेचा, आणि तोही दुप्पट साखर घालून उकळी आणलेला, त्याहून जास्त टिकतो. गूळ ओलावा आणि आंबण्याच्या बाबतीत साखरेपेक्षा नाजूक आहे.

वर्षभरासाठी ठेवायचं असेल तर आमचा सल्ला वेगळा आहे. गोड करूच नका. नुसता शिजवलेला, गाळलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, मग वड्या पिशवीत काढून फ्रीजरमध्ये टाका. सहा-आठ महिने चव शाबूत राहते. हव्या तेव्हा दोन-तीन वड्या काढा, गुळाच्या पाण्यात विरघळवा, झालं पन्हं. आमटीत आमसुलाऐवजी आणि चटणीत लिंबाऐवजीही या वड्या चालतात.

बाटली उघडताना ‘फस्स’ असा आवाज आला, वर बुडबुडे दिसले, दारूसारखा वास आला, तर गर आंबला आहे. वरचा फेस काढून खालचं वापरू नका. सगळं टाकून द्या.

कोणतं भांडं वापरावं?

स्टील, काच, चिनी माती. तांब्या-पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात आणि लोखंडाच्या कढईत आंबट गर कधीच नको, धातू गरात उतरतो आणि चव कळकते. अॅल्युमिनियमच्या डब्यात कैरी वाफवली तर लगेच काढून घ्या, गर त्यात ठेवून देऊ नका. पाणी माठातलं घ्या, हवं तर माठात वाळ्याची पुरचुंडी टाका. त्या पाण्याला येणारा मातीचा आणि वाळ्याचा वास पन्ह्याला फार खुलवतो. पण तयार पन्हं माठात ओतू नका. मातीच्या छिद्रांत आंबट-गोड शिरलं की तो माठ पुन्हा साध्या पाण्याच्या कामाचा राहत नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला ५०-६० जणी येणार आहेत. किती करू?

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर बसते आणि त्या महिन्यात आंबेडाळ आणि पन्ह्याशिवाय हळदीकुंकू होत नाही, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी येतो. दोन किलो जून कैऱ्या आणा. त्यांतून किलोभर गर निघेल. सव्वा ते दीड किलो गूळ, एक सपाट चमचा मीठ, वीस-पंचवीस वेलच्या. गोड गर दोन लिटरच्या आसपास होतो, त्यात आठ लिटर पाणी. छोट्या पेल्याने सगळ्या जणींना पुरून घरच्यांनाही उरतं.

गोड गर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा, चव मुरते. पाणी मात्र बायका यायच्या वेळी, आणि एकदम सगळ्यात नको, दोन-तीन लिटरच्या हिशेबाने घाला. बर्फ पातेल्यात टाकला की तो वितळून शेवटच्या बायकांना पाणचट पन्हं मिळतं. त्याऐवजी पाणीच आधी गार करून ठेवा. आंबेडाळीसाठी लागणारी कैरीही याच बाजारात घ्या, पण ती वेगळी काढून ठेवा. डाळीत कच्ची कैरी किसून घालायची असते आणि तिथे राजापुरीचा घट्ट गरच चांगला.

पन्हं प्यायलं की ऊन लागत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. घामातून पाणी आणि मीठ जातं. पन्ह्यात पाणी, साखर, मीठ आणि कैरीतलं थोडं पोटॅशियम असतं. आतड्यात सोडियम आणि साखर एकत्र असली की पाणी चांगलं शोषलं जातं, त्यामुळे उन्हातून आल्यावर मीठ घातलेलं, बेताचं गोड पन्हं तरतरी आणतं ही केवळ समजूत नाही. खारट पन्ह्याची विदर्भातली पद्धत म्हणूनच शहाणपणाची. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर राबणाऱ्या माणसासाठी पातळ आणि थोडं जास्त मिठाचं पन्हं करा, एका भागाला सहा-सात भाग पाणी घालून.

पण पन्हं प्यायलो म्हणून भर दुपारी उन्हात फिरायला मोकळे झालो, असं समजू नका. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले, शुद्ध हरपली, तर पन्हं, पाणी, काहीही तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

जुलाब-उलट्या होत असतील तर पन्ह्याऐवजी जलसंजीवनी द्या : एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. नेहमीच्या पन्ह्यात साखर याच्या कितीतरी पट असते आणि तेवढ्या साखरेने जुलाब वाढू शकतात.

मधुमेह असलेल्यांनी प्यावं का?

हिशेब मांडून बघू. वरच्या मापाने केलेल्या २०० मिलीच्या एका पेल्यात साधारण २५ ते ३० ग्रॅम गूळ जातो, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ च्या. म्हणजे निरोगी माणसालाही रोज एकाहून जास्त पेले नकोत. मधुमेह असेल तर गूळ घातला काय आणि साखर घातली काय, रक्तातली साखर वाढतेच.

त्यांच्यासाठी भाजलेल्या कैरीचं खारट पन्हं गुळाशिवाय करा. गर कमी, पाणी जास्त, जिरं, पादेलोण आणि भरपूर पुदिना. ते ताकाच्या वाटेने जाणारं पेय होतं आणि मनापासून चांगलं लागतं. रक्तदाब असेल तर मीठही बेताने. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण त्यांना पोटॅशियमही मोजून घ्यावं लागतं.

लहान मुलांना कधीपासून द्यावं?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही पाण्याची गरज नसते. त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ घातलेली पेयं टाळलेलीच बरी. मोठ्या मुलांना जेवणाबरोबर छोटा पेला द्या. दिवसभर थोडं थोडं पीत राहिलं तर आंबट आणि गोड दोन्ही दातांवर काम करत राहतात. पन्हं प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ भरायला लावा.

परदेशात राहतो, कैरी मिळत नाही. काय करू?

भारतीय दुकानात उन्हाळ्यात हिरव्या कैऱ्या येतात, आणि वर्षभर गोठवलेले कैरीचे तुकडे असतात. गोठवलेले तुकडे पन्ह्याला अगदी चालतात, थेट वाफवा, साल काढायचंही काम नाही. मोठ्या दुकानातले टणक हिरवे आंबे बघून फसू नका. अमेरिकेत मिळणारा ‘टॉमी ॲटकिन्स’ बाहेरून घट्ट असला तरी आत गोडीकडे झुकलेला असतो. तोच घ्यावा लागला तर गूळ निम्मा करा आणि लिंबाने आंबटपणा भरून काढा. आग्नेय आशियाई दुकानांत सॅलडसाठी ठेवलेले कच्चे हिरवे आंबे दिसले तर एक कापून चाखा. आंबट निघाला तर नशीब. ऑस्ट्रेलियात आंब्याचा हंगाम आपल्या उलट असतो, तिथल्या मराठी घरांत पन्हं नाताळच्या उकाड्यात होतं.

तयार बाटलीतलं पन्हं घ्यावं का?

घ्यायचं झालं तर लेबलवरची घटकांची यादी वाचा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर पहिली आणि कैरीचा गर बराच खाली असेल तर तुम्ही कैरीच्या वासाचा पाक विकत घेत आहात. गराचा टक्का छापलेला असेल तर तोही बघा. आधीच घरी आणून झाली असेल तर त्यात एक ताजी शिजवलेली कैरी मिसळा, चव बरीच सुधारते.

पाण्याऐवजी सोडा चालेल का?

चालेल. गोड गर थोडा जास्त घ्या आणि सोडा हळूहळू ओता, कारण गरावर तो भसकन फेसाळतो.

साली आणि कोयी टाकूनच द्यायच्या का?

शिजवलेल्या कोयींना बराच गर चिकटलेला राहतो. त्या तांब्याभर पाण्यात चुरून ते पाणी पन्ह्यातच वापरा, म्हणजे काही वाया जात नाही. किंवा आमटीत सोडा. कोकणात आणि गोव्यात आंबट कालवणाला हे रोजचंच. मऊ झालेल्या साली मिरची, गूळ, मीठ आणि भाजलेल्या तिळाबरोबर वाटल्या की भाकरीबरोबर चालणारी चटणी होते. साल थोडी तुरट असते, तेव्हा तिळात हात आखडू नका. त्यानंतर उरलेल्या कोयी कुंडीत लावून उपयोग नाही, शिजलेली कोय रुजत नाही. कंपोस्टला त्या चालतात, पण कुजायला फार वेळ घेतात, म्हणून आधी फोडून टाका.